पाच खंडांचा उन्हाळा

एप्रिल सरत आला की पुण्यातल्या माझ्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला मी संध्याकाळी हात लावून पाहते. भिंत तापलेली असते, एखाद्या जनावराच्या कुशीसारखी उबदार. शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की म्हणतात, यंदा फारच हो. मी मान डोलावते. खरं सांगायचं तर यंदाचा उन्हाळा माझ्या ध्यानातच नसतो. माझ्यापुरता उन्हाळा एकच झाला. तो तंजावूरला झाला, आणि त्यात आमच्या घरात पाच खंड होते.

मी तेव्हा बारा वर्षांची. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. अप्पा, आई आणि मी. गल्लीत मराठी राजांच्या काळापासूनची, मराठी बोलणारी आठ-दहा घरं उरली होती. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ, आणि शाळेत इंग्रजी, असा दिवसातून तीनदा जिभेचा वेश बदलायचा आणि त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी पिवळी पाटी लावून नुकतंच एक एसटीडी बूथ उघडलं होतं. गच्च्यांवरून केबलच्या काळ्या वायरी लोंबू लागल्या होत्या. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या खिडक्यांतून अचानक साऱ्या जगाचे आवाज ऐकू यायला लागले होते. आमच्याकडे नव्हता.

अप्पा पाटबंधारे खात्याच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. कावेरीतून निघणाऱ्या कालव्यांचे, पाटांचे, मोऱ्यांचे नकाशे काढायचे, जुने झाले की नवे उतरवून घ्यायचे, हे त्यांचं काम. घरात ते फारसं बोलत नसत. मला अप्पा म्हणजे सकाळी साडेनऊला निघणारी सायकल आणि संध्याकाळी सहाला परतणारी सायकल. जेवताना आई विचारायची, “आणखी भात होणा?” ते म्हणायचे, “नोको.” आमच्या मराठीत हवं म्हणजे होणा आणि नको म्हणजे नोको. त्या दोन शब्दांवर अप्पांचा दिवस निघून जायचा.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला कालव्याच्या काठच्या रस्त्यावर एका व्हॅनचा धक्का लागून अप्पा सायकलवरून पडले. उजवा पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. दोन महिने हलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मधल्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट टाकली. माझी परीक्षा संपलेली होती, म्हणून आईने ताडाचा पंखा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “अप्पांपाशी बस. काय होणा, काय नोको, ते पाहा.”

पहिले आठ दिवस अप्पा छताकडे पाहत पडून होते. मी वारा घालत होते. बाहेर ऊन असं पडलेलं असायचं की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नसे. गावातून जाणारा कालवा, ज्याला सगळे पुदुआरु म्हणजे नवी नदी म्हणतात, तो तळापर्यंत कोरडा होता. जूनमध्ये वरच्या धरणातून पाणी सुटेपर्यंत तो तसाच राहणार. आई गच्चीवर तांदळाच्या पिठाचे सांडगे वाळत घालायची आणि त्यांचा आंबूस वास जिन्यावरून खाली येऊन खोलीत बसून राहायचा. आजही कुणाच्या गच्चीवर पापड वाळताना दिसले की मला प्लास्टरचा ओलसर चुनखडी वास आधी येतो आणि पापडांचा नंतर.

शाळेने सुट्टीचा अभ्यास म्हणून जगाचा नकाशा काढायला सांगितला होता. मी खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसून तो काढत होते. अप्पांनी मान वळवली.

“काय काढतेस डी?” तमिळमध्ये मुलीला लाडाने हाक मारतात तसं त्यांनी विचारलं.

“आफ्रिका.”

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “आफ्रिकेला हे ठाऊक आहे का?”

अप्पांनी थट्टा केलेली मी त्याआधी ऐकली नव्हती. हसावं की रडावं ते मला कळेना. त्यांनी हात पुढे केला, मी वही दिली. पेन्सिलीचं टोक नखावर घासून पाहत ते म्हणाले, “खरा देश काढायचा तर पाहूनच काढावा लागतो. चुकला की चुकला. न पाहता काढायचा असेल तर आपला काढावा.”

“आपला म्हणजे?”

“म्हणजे जो कोठेंच नाही तो.”

अपघाताच्या आधी घरी बसून एक काम संपवायला म्हणून त्यांनी कचेरीतून ट्रेसिंग क्लॉथची एक गुंडाळी आणली होती. आता ते कापड कुठे दिसत नाही. बारीक विणीचं सुती कापड, त्याला खळ देऊन अशी काही चकाकी आणलेली की ते काचेसारखं आरपार दिसायचं, किंचित निळसर. तेव्हाही ते मागे पडत चाललं होतं. कचेरीत प्लास्टिकची फिल्म आली होती आणि लवकरच संगणक येणार अशी बोलवा होती. त्यामुळे ती गुंडाळी कुणी परत मागितली नव्हती. अप्पांनी ती कपाटावरून काढायला सांगितली. मांडीवर पाट आणि पाटावर कापड. काळी शाई आणि रेघा ओढायच्या दोन रूलिंग पेना.

पहिला खंड काढायला तीन दिवस लागले. त्याचं नाव आम्ही थोरली ठेवलं. शेजारी एका अरुंद समुद्रापलीकडे तिची बहीण, धाकटी. मधल्या समुद्राला मी बोळ म्हटलं, कारण तो आमच्या घरामागच्या बोळासारखाच वाकडा होता. मग वाळवण आलं. तो कोरडा खंड, तिथे पाऊस पडत नाही आणि लोक वाळवलेल्या गोष्टी खातात. दक्षिणेला पैलाड. हा शब्द अप्पांचे आजोबा वापरत, नदीच्या पलीकडच्या तीराला. आणि सगळ्यांत वर, कापडाच्या कडेला, कोठवर. त्याचा उत्तर किनारा अप्पांनी मोकळाच ठेवला होता. मी विचारलं, “हे कोठवर जातं?” ते म्हणाले, “तेंच नाव घाल.”

अप्पांनी वीस वर्षं सपाट जमीन काढली होती. आमचा मुलूखच तसा. तंजावूरला उंच म्हणून काय तर मोठ्या देवळाचं शिखर. डोंगर कसे दाखवायचे हे ते ड्राफ्ट्समनच्या शिक्षणात शिकले होते आणि नंतर कधी त्यांना त्याची गरज पडली नव्हती. त्या उन्हाळ्यात त्यांनी डोंगर काढले. बारीक, उतरत्या रेघा, एकीला एक न लागणाऱ्या. थोरलीच्या कण्यावरची रांग काढताना त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तो कापडावर पडला तर खळ फुगते, म्हणून मी सारखी त्यांचं कपाळ पुसत होते. बर्फ मी मागून घेतला. आम्ही दोघांनी बर्फ पाहिलेला नव्हता. किती उंचीवर बर्फ सुरू होतो यावर आमचा दोन दिवस वाद चालला होता.

नद्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी माझं काही ऐकलं नाही. कावेरीच्या पाण्यावरून त्या वर्षांत पेपरात रोज काही ना काही असायचं, आणि त्या भांडणाची झळ कचेरीत थेट बसायची. अप्पांच्या जगात नदी एका देशात उगम पावली की तिचं मुखही त्याच देशात. “वरचा आणि खालचा असं नोकोच,” ते म्हणाले. पण समुद्राजवळ आली की नदी फुटलीच पाहिजे, हाताच्या बोटांसारखी, हाही त्यांचाच हट्ट. न फुटता समुद्राला मिळणारी नदी त्यांना एकलकोंडी वाटायची.

एकदा मी विचारलं, “अप्पा, तेथें लोक कोणती भाषा बोलतात?”

ते पेन पुसत होते. “आपली.”

“सगळे?”

“सगळे.”

“पोस्टमनसुद्धा? बसचा कंडक्टर?”

“कलेक्टरसुद्धा. लोक अर्ज घेऊन गेले की तो विचारतो, काय होणा?”

मी इतकी हसले की आई स्वयंपाकघरातून डोकावली. पण त्या रात्री झोपताना मला त्या कलेक्टरचं हसू येईना. भाजीवाली, दुकानदार, रस्त्यातून जाणारा अनोळखी माणूस, सगळे आपल्यासारखं बोलतात असं एक गाव मी डोळ्यांपुढे आणून पाहत होते. महाराष्ट्र नावाचा प्रांत आहे हे मला माहीत होतं. पण तिथे कधी आमचं कुणी गेलेलं नव्हतं, आणि भूगोलाच्या पुस्तकातला तो रंगीत तुकडा मला वाळवणापेक्षा खरा वाटत नव्हता.

नकाशावरची नावं अप्पा देवनागरीत घालत. आमच्या पिढीतल्या मुलांना ती लिपी येत नसे. आईलाही येत नव्हती, ती तमिळ वाचायची. अप्पांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेली. थोरलीचा थ, धाकटीचा ध, पैलाडचा प, असं करत त्या दोन महिन्यांत मी सगळी अक्षरं शिकले. हे मी आज लिहिते आहे ते त्याच अक्षरांत. पुढे पुस्तकं पुष्कळ वाचली, तरी ‘ठ’ दिसला की माझं पहिलं लक्ष अजून कोठवरच्या मोकळ्या किनाऱ्याकडे जातं.

आई आमच्या या उद्योगाला ‘तुमचं तें’ म्हणायची. एका दुपारी ओले हात पदराला पुसत ती खाटेशी येऊन उभी राहिली.

“इतके डोंगर, इतका समुद्र. तेथें बायका पाणी कोठून आणतात?”

अप्पा गडबडले. हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

“दाराशी गोड्या पाण्याची विहीर असेल असं एक तरी गाव घाला,” एवढं बोलून ती गेली. तिच्यामागे अप्पांनी धाकटीच्या पश्चिम किनाऱ्यावर एक लहानसं वर्तुळ काढलं, शेजारी विहिरीची खूण केली आणि नाव घातलं, सुंदरपेठ. आईचं नाव सुंदरा. मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. तिला ते वाचता येणार नव्हतं, आणि त्यांनी वाचूनही दाखवलं नाही.

आपल्या माणसांपाशी किती काय असतं हे त्यांचा पाय मोडेपर्यंत आपल्याला कळू नये, याचं मला अजून वाईट वाटतं. त्या दोन महिन्यांत अप्पा माझ्याशी जेवढं बोलले तेवढं त्याआधी कधी बोलले नव्हते आणि त्यानंतरही नाही. वारे कुठून येतात, खारं पाणी जड का, वाळूत नदी हरवते म्हणजे काय होतं. एवढं सगळं ते कुठे ठेवून होते?

जूनमध्ये प्लास्टर कापलं. आतून निघालेला पाय इतका बारीक आणि पांढरा होता की मी नजर वळवली. त्याच सुमाराला पुदुआरुला पाणी आलं. आधी फेस, पालापाचोळा, मग मातकट पाणी, आणि ते पाहायला काठावर अर्धं गाव. अप्पा काठी टेकत कचेरीत जाऊ लागले. नकाशा गुंडाळून कपाटावर गेला. त्यांच्या कानावर एक बातमी आली होती आणि ती त्यांनी आईला चक्क हसत सांगितली होती. संगणकावर नकाशे काढायला शिकण्यासाठी कचेरीतून तिघांना मद्रासला पाठवणार होते आणि त्यांचं नाव यादीत होतं.

आमच्या शाळेत जुलैमध्ये प्रदर्शन भरायचं. भूगोलाच्या बाईंनी विचारलं, कोण काय आणणार? मी हात वर केला. अप्पांना मी विचारलं नाही. ते नाही म्हणाले असते असं नाही. पण विचारलं असतं तर तो त्यांचा झाला असता, आणि मला तो माझा म्हणून दाखवायचा होता. सकाळी ते आंघोळीला गेले असताना मी स्टुलावर चढले आणि गुंडाळी दप्तरात घातली.

प्रदर्शनाला पाहुणे म्हणून पाटबंधारे खात्याचेच एक मोठे इंजिनियर आले होते. हे मला नंतर कळलं. पांढरा शर्ट, सोबत दोघे-तिघे. मुलांच्या चार्टांसमोरून भराभर चालत आले आणि माझ्या टेबलाशी थांबले. खाली वाकले. डोंगरांच्या रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं, न टेकवता. “अप्पडिया,” असं स्वतःशीच म्हणाले, म्हणजे ‘असं का.’ मग तमिळमध्ये विचारलं, “कुणी काढलं हे?”

मी ताठ उभी राहिले. “माझ्या अप्पांनी, सर.”

“अप्पा कुठे असतात?”

मी कचेरीचं नाव सांगितलं. अप्पांचं नाव सांगितलं. त्यांनी कापडाची कड दोन बोटांत धरली आणि अंगठा घासून पाहिला. सोबतच्या एकाने त्यांच्या कानात काहीतरी म्हटलं. ते क्षणभर तसेच उभे राहिले, मग माझ्या डोक्यावर थोपटून पुढे गेले. माणूस वाईट नसावा. सोबत कुणी नसतं तर कदाचित तेवढ्यावरच राहिलं असतं. संध्याकाळी मी गुंडाळी परत कपाटावर ठेवली.

सोमवारी अप्पांच्या हाती मेमो पडला. सरकारी सामान घरी का नेलं, खासगी कामाला का वापरलं, तीन दिवसांत खुलासा करा. रात्री अप्पांनी तो आईला तमिळमध्ये वाचून दाखवला. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. त्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा मागच्या अंगणात आई मोठ्या पातेल्यापुढे बसली होती. पातेल्यात गरम पाणी, शिकेकाई, आणि ते कापड.

“हे पाहिलं कोणी तर नोकरी जाईल,” ती म्हणाली. “दुसरं टोक धर.”

शाई विरघळली नाही. खळ सुटली तशी शाई तिच्याबरोबर सालीसारखी उचलून आली. किनारे दोऱ्यांसारखे तरंगत होते. डोंगरांच्या बारीक रेघा पातेल्याच्या कडेला जाऊन चिकटल्या होत्या. मी पाण्यात सुंदरपेठ शोधत होते, पण एव्हाना तिथे नावं राहिली नव्हती, नुसते काळे कण. मी दुसरं टोक धरलं. आईने तिकडून पिळलं, मी इकडून. गडद राखाडी पाणी आमच्या पायांवरून मोरीत गेलं. सुंदरपेठेचं तिला सांगावं असं मला तेव्हा वाटलं, आणि पुढेही कितीदा वाटलं. मी सांगितलं नाही.

अप्पा संध्याकाळी आले. दोरीवर लांबच लांब पांढरं कापड वाळत होतं. आई दारात उभी. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, कापडाखाली उभे राहिले आणि ते दोन बोटांत धरून पाहिलं.

“खळ गेली की फार मऊ होतं हे,” ते म्हणाले.

आणि मग त्यांनी काय केलं, तर खुलासा लिहायला बसले आणि जे खरं होतं तेच लिहिलं. कापड नेलं, त्यावर चित्र काढलं, ते आता धुतलं गेलं. आईने धुतलं ते फुकट गेलं. नोकरी गेली नाही. यादीतलं नाव मात्र गेलं, आणि त्यांना कचेरीच्याच टपाल विभागात बसवलं. आलेल्या पत्रांवर शिक्का मारायचा आणि ती वाटायची. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. घरी त्यांनी पुन्हा पेन्सिल धरलेली मी पाहिली नाही. यादीचं मला आईने कितीतरी वर्षांनी सांगितलं, माझं लग्न ठरलं तेव्हा. म्हणाली, “मला नकाशा दिसतच नव्हता ग तेव्हा. मला चूल दिसत होती.”

लग्न होऊन मी पुण्याला आले. पहिल्या आठवड्यात दुकानात गेले आणि म्हटलं, “मला अर्धा किलो साखर होणा.” दुकानदार थबकला, मग हसला. वाईट हसला नाही. पण मी साखर घेऊन घरी येईपर्यंत ठरवलं होतं की हा शब्द आता बाहेर काढायचा नाही. ठरवलं ते पाळलं. आता माझ्या बोलण्यावरून कुणाला काही ओळखू येत नाही.

आई गेल्यावर, तीन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये अप्पा माझ्याकडे राहायला आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्याआधी ते पुण्याला कधी आले नव्हते, काही ना काही कारण निघायचं. एका सकाळी मी त्यांना मंडईत घेऊन गेले. ते माझ्या दंडाला धरून हळूहळू चालत होते आणि मधेच थांबत होते. मला वाटलं पाय दुखतोय. पण ते ऐकत होते. हमाल ओरडत होता, दोन बायका कोथिंबिरीवरून भांडत होत्या, एक पोलीस फोनवर बायकोला काहीतरी समजावत होता. अप्पांची मान एकीकडून दुसरीकडे वळत होती.

“सगळेच ग,” ते मला हळूच म्हणाले. “सगळेच बोलतात.”

एका म्हातारीपाशी त्यांनी स्वतः वांगी घेतली. “चांगलीं पाहून द्या, आम्हांला चार होणा.” तिने मान वर केली. “कुठले हो बाबा तुम्ही?” “तंजावूर.” तिला ते ठाऊक नव्हतं. “लांब असेल,” म्हणाली, आणि एक वांगं जास्तीचं टाकलं.

दुपारी जेवण झाल्यावर आम्ही टेबलाशीच बसून होतो. पंखा फिरत होता. अप्पा ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होते. एकाएकी म्हणाले, “तुळजा, धाकटीतली ती पूर्वेची नदी चुकली होती.”

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“डोंगर पश्चिमेला काढले ना आपण,” ते म्हणाले, “आणि नदी नेली पठारावरून. पठार उंच. पाणी चढेल कसं? प्लास्टर काढायच्या आदल्या दिवशी ध्यानात आलं. त्या कापडावर खोडता येत नाही, ब्लेडने खरवडावं लागतं. उद्या करूं म्हटलं, तें राहून गेलं.”

“अप्पा, मी तो शाळेत न्यायला नको होता.”

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते नदीतच होते. टेबलावर विजेच्या बिलाचं पाकीट पडलं होतं, ते त्यांनी उलटं केलं आणि माझ्याकडे पेन मागितलं.

“पठाराला उत्तरेकडून वळसा घालायचा, एवढंच. पण काठची गावं सरकवावी लागतील.”

“कोणती गावं?”

त्यांनी डोळे मिटले आणि उगमापासून सुरुवात केली. एकेक गाव, क्रमाने, कुठल्या काठाला ते सांगत, घाट कुठे, पूल कुठे. त्यांतलं एकही नाव मला आठवत नव्हतं. मी पाकीट माझ्याकडे ओढलं आणि म्हटलं, “अप्पा, जरा सावकाश सांगा. मला लिहून घ्यायला होणा.”